डिस्चार्ज कार्डाला परिचर्येचे एक पान जोडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधुमेह, रक्तदाब, कमजोर झालेली किडनी आणि त्यातच पक्षाघाताचा झटका. असा सत्तरीतला रुग्ण दहा-बारा दिवस वॉर्डात काढून घरी निघतो तेव्हा घरच्यांच्या हातात बिल, औषधांची पिशवी आणि डिस्चार्ज कार्ड पडते. कार्डावर निदान असते, तपासण्यांचे आकडे असतात, गोळ्यांची नावे असतात आणि शेवटी 'फॉलोअप सात दिवसांनी'. त्या सात दिवसांत रुग्णाला किती वेळाने कुशीवर वळवायचे, नळीतून भरवताना पलंग किती उचलायचा, शुगर खाली गेली तर काय द्यायचे, सूज चढली तर कुणाला फोन करायचा, यातले बहुधा काहीच त्यावर नसते. वॉर्डात हे सगळे तीन पाळ्यांतल्या परिचारिका करतात. घरी तेच काम सून, मुलगी, नवरा किंवा रुग्णसेवेसाठी घरी माणूस पुरवणाऱ्या ब्युरोतून आलेली मावशी करते. त्यांना ते कुणी शिकवलेले नसते.

आम्ही ठाणे आणि नवी मुंबईत रुग्णालयांत व घरोघरी जाऊन काम करणाऱ्या परिचारिका आहोत. आमची मागणी एकच आहे. दोन किंवा अधिक दीर्घ आजार असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डाला परिचर्येचे एक पान मराठीत जोडावे, आणि त्यावरचे काम घरच्या माणसाकडून एकदा करवून घेतल्याशिवाय रुग्णाला सोडू नये.

एवढा आग्रह कशासाठी, ते सविस्तर सांगायला हवे. मधुमेहाच्या डॉक्टरांनी दिलेली सूचना बरोबर असते, किडनीच्या डॉक्टरांचीही बरोबर असते, हृदयाच्या डॉक्टरांचीही. पण सगळ्या सूचना एकाच शरीरावर येऊन पडतात तेव्हा त्या एकमेकींच्या आड येतात. कुठली कधी पुढे आणि कुठली मागे, हे रुग्णाच्या उशाशी उभे राहून रोज ठरवावे लागते.

पलंगाचे डोके उचलणे घ्या. राइल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने, भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी आणि भरवून झाल्यावरही अर्धा ते एक तास तशीच ठेवायची, नाहीतर फीड, म्हणजे नळीतून दिलेले पातळ अन्न, घशात उलटून फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. हे सांगितलेले असते, म्हणून बहुतेक घरांत पाळले जाते. पण तोच रुग्ण दिवसभर तसा अर्धवट बसता ठेवला की हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला धरून जागीच राहते, आतले हाड मात्र सरकते आणि माकडहाडावरच्या बारीक रक्तवाहिन्या पिळवटल्या जातात. बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, अशी आतून सुरू होते; वर लाली दिसेपर्यंत आत बरेच नुकसान झालेले असू शकते. म्हणून आधी गुडघ्यांकडचा भाग उचलायचा, मग डोके. उतरवताना आधी डोके, मग गुडघे. फीडनंतरचा तास संपला की डोके ३० अंशांवर आणायचे, त्याहून वर ठेवायचे नाही. भाड्याने पलंग आणताना दुकानदार सेमी-फाउलर देतो, त्याचे फक्त डोके उचलते. गुडघेही उचलणारा तो फुल फाउलर. सेमी-फाउलर आधीच घरी आला असेल तर डोके उचलण्यापूर्वी गुडघ्यांखाली दोन उशा सारायच्या. भाड्यात थोडा फरक पडतो, पण नळी असलेल्या रुग्णासाठी फुल फाउलरच मागून घ्यावा.

इन्सुलिन आणि फीड यांचेही असेच. इन्सुलिन टोचले, मग भरवायला घेतले तर नळी अर्धी बाहेर आलेली. फीड थांबते, इन्सुलिन मात्र शरीरात जाऊन बसलेले असते. क्रम असा हवा : आधी नाकाशी नळीवरची खूण जागच्या जागी आहे का पाहायचे, सिरिंजने किंचित ओढून पोटातले पाणी येते का पाहायचे, फीड तयार करून बाजूला ठेवायचे, शुगर तपासायची आणि मगच जेवणाचे इन्सुलिन द्यायचे. पोटावर स्टेथोस्कोप लावून हवा सोडल्याचा आवाज ऐकण्याची जुनी पद्धत एकटी भरवशाची नाही. नळी चुकीच्या जागी असली तरी आवाज येऊ शकतो. इन्सुलिन दिल्यावर नळी निघालीच, तर घरी ती पुन्हा घालण्याचा प्रयत्न करायचा नाही. ताबडतोब डॉक्टरांना कळवायचे आणि दर अर्ध्या तासाने शुगर पाहत राहायचे.

इन्सुलिनची आणखी एक चूक जिवावर बेतते. आपल्याकडे मिलिलिटरला ४० युनिटची बाटलीही मिळते आणि १०० युनिटचीही. लाल टोपीची सिरिंज ४० युनिटच्या बाटलीसाठी, केशरी टोपीची १०० साठी. १०० युनिटच्या बाटलीतले औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये '२०' च्या रेघेपर्यंत भरले तर रुग्णाला २० नव्हे, ५० युनिट मिळतात. केमिस्टकडे नेहमीची सिरिंज संपली की समोरची दुसरी दिली जाते आणि घरी ती नि:शंकपणे वापरली जाते. बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग प्रत्येक वेळी जुळवून पाहायला पाच सेकंद लागतात. उघडलेली बाटली साधारण २८ दिवसांनी टाकून द्यायची, म्हणून उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहायची. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची. बर्फाच्या कप्प्याला टेकवायची नाही, गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी निकामीच. रोज त्याच जागी टोचले की कातडीखाली गाठ होते आणि त्या गाठीतून औषध कधी कमी, कधी जास्त शोषले जाते. शुगर उगाच वर-खाली होते असे वाटले तर आधी पोटावरून हात फिरवून गाठी शोधाव्यात.

शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर, म्हणजे छोटे तीन चमचे, पाण्यातून देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. एकाहून जास्त आजार असलेल्या रुग्णात मात्र पुढच्या गोष्टी बदलतात. जेवणाबरोबरची व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण साखर फोडण्याचे कामच ती गोळी रोखते. अशा घरात ग्लुकोज पावडरचा डबा हवाच. किडनी कमजोर असेल तर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेन्क्लामाइड या मधुमेहाच्या गोळ्यांचा असर लांबतो. साखर देऊन शुगर वर आली, रुग्ण हसून बोलला, तरी दोन-तीन तासांनी ती पुन्हा खाली येऊ शकते. म्हणून पुढचे २४ तास दर दोन-तीन तासांनी तपासायचे, रात्रीसुद्धा. हृदयासाठी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर हाताची थरथर आणि छातीची धडधड दिसतच नाही, फक्त दरदरून घाम येतो. आणि पक्षाघात होऊन गेलेल्याची जीभ जड पडली, हातातली ताकद गेली, तर दुसरा झटका आला असे समजून धावपळ सुरू होते. १०८ ला फोन करावाच, पण गाडी येईपर्यंत बोटाला सुई टोचून शुगर पाहावी. शुगर कमी झाली तरी अगदी असेच दिसते. बेशुद्ध किंवा गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी, साखर काहीही घालू नये.

आता पाणी. हृदय आणि किडनी दोन्ही थकलेल्या रुग्णाला डॉक्टर सांगतात, दिवसाला एक ते सव्वा लिटर. घरचे पिण्याचे पाणी मोजतात. चहा, आमटी, ताक, पेज, गोळ्यांबरोबरचे घोट मोजत नाहीत. दिवसातून तीनदा गोळ्या आणि दर वेळी अर्धा पेला, म्हणजे तिथेच तीन-चारशे मिलिलिटर गेले. नळीवरच्या रुग्णाला फीडच्या आधी आणि नंतर ३०-३० मिलिलिटर पाण्याने नळी धुवावी लागते. सहा फीड म्हणजे ३६० मिलिलिटर, हेही हिशेबात धरायला हवे. आमच्या अनुभवात सगळ्यात सोपा उपाय बाटलीचा. सकाळी ठरलेल्या मापाची बाटली भरून ओट्यावर ठेवायची. रुग्णाने कुठलाही पातळ पदार्थ घेतला की तेवढेच पाणी त्या बाटलीतून झाडांना ओतायचे. बाटली संपली की त्या दिवसाचा कोटा संपला. कोरड पडली तर चूळ भरायला द्यायची किंवा बर्फाचा लहान तुकडा, तोही मोजायचा.

पाणी साठते आहे का, हे वजनावरून सगळ्यात आधी कळते. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढले तर दम लागण्याची वाट न पाहता फोन करायचा. उभे राहता न येणाऱ्या रुग्णाची सूज कुठे पाहायची, हे मात्र नातेवाइकांना सांगितलेले नसते. झोपून असलेल्या माणसाची सूज पावलांपेक्षा कंबरेखाली, माकडहाडाच्या भोवती उतरते. पाठ पुसताना तिथे अंगठा दाबून धरायचा; खड्डा राहिला तर सूज आहे.

भेटायला येणाऱ्यांबद्दलही लिहायला हवे. आजाऱ्याला शहाळे आणि मोसंबी नेणे ही आपली रीत, त्यामागे माया असते. पण डायलिसिसवरच्या किंवा पोटॅशियम वाढणाऱ्या रुग्णाला शहाळ्याचे पाणी घातक ठरू शकते. पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात, तेही फारशी पूर्वसूचना न देता. 'लो सोडियम' मिठाचेही तेच. रक्तदाबासाठी चांगले म्हणून घरात येते, पण त्यातल्या सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाब-हृदयाची गोळी चालू असलेल्या आणि किडनी कमजोर असलेल्या माणसाच्या ताटात ते मीठ नको. सैंधव हा पर्याय नाही, तेही मीठच आहे. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या, म्हणजे शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडलेल्या, हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, रक्त काढू द्यायचे नाही, बांगडी-घड्याळ घालायचे नाही, त्या कुशीवर झोपायचे नाही. रोज सकाळी तिथे बोटे टेकवून थरथर जाणवते का पाहायची. ती थांबली तर त्याच दिवशी डायलिसिस सेंटरला कळवायचे.

प्रथिनांचा घोळ तर घरोघरी आहे. किडनीच्या रुग्णाला डाळ, पनीर, अंडी कमी करायला सांगितलेले असते. पुढे डायलिसिस सुरू होते तेव्हा प्रथिनांची गरज उलट वाढते, पण स्वयंपाकघरात जुनीच पथ्ये चालू राहतात. त्यात पाठीला जखम झाली तर ती भरायलाही प्रथिनेच लागतात. महिनोन्महिने जखम भरत नाही म्हणून मलमे बदलली जातात आणि ताटात मात्र वरणाचे पाणी आणि दोन घास भात. इथे आहारतज्ज्ञाला तिन्ही गोष्टी एकत्र सांगून नव्याने प्रमाण ठरवून घेतल्याशिवाय जखम भरायची नाही.

जखम होऊच नये यासाठीचे काम कष्टाचे आहे, पण अवघड नाही. दर दोन तासांनी बाजू बदलायची : डावी कूस, पाठ, उजवी कूस. भिंतीवर कागद लावून वेळ आणि बाजू लिहायची, म्हणजे पाळी बदलली तरी विसर पडत नाही. पूर्ण आडवे कुशीवर ठेवले तर खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागे उशी देऊन ३० अंशच कलते ठेवायचे, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी. पोटरीखाली उशी अशी द्यायची की टाच हवेत राहील, चादरीला टेकणार नाही. वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचे नाही. पक्षाघाताच्या बाजूचा खांदा निसटतो आणि पाठही घासली जाते. खाली आडवी घडी घातलेली चादर ठेवायची, दोघांनी दोन कडा धरून किंचित उचलून सरकवायचे. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडायचे : पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्तपुरवठा चालू आहे, दाबूनही लालच राहिली तर जखमेची पहिली पायरी आली. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा काळसर-जांभळी लागते का हे हाताने पाहायचे. तिथे मालिश करायची नाही, आतल्या वाहिन्या आणखी फाटतात. हवेची गोल रिंग बसायला देऊ नये. तिच्या कडांवर दाब येऊन मधला रक्तपुरवठा तुटतो. पावडरचे दमटपणात गोळे होतात आणि तेच टोचतात. उघड्या जखमेत स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नये; नव्याने भरणारे मांस त्याने जळते. नॉर्मल सलाइनने धुवायची आणि पट्टी डॉक्टर-परिचारिकेने ठरवलेलीच लावायची.

एअर बेड आणला की वळवायचे थांबवतात, हे फार मोठे चुकते. एअर बेड दाब कमी करतो, वळवण्याची गरज संपवत नाही. रुग्णाच्या कंबरेखाली गादीच्या तळातून हात सरकवून पाहा. बोटांना कंबर लागत असेल तर हवा कमी आहे. वर जाड गोधडी आणि प्लास्टिक घातले की गादीचा उपयोगच राहत नाही, एक सुती चादर पुरे. वीज गेली की पंप बंद पडतो आणि बहुतेक गाद्या हळूहळू बसू लागतात. पावसाळ्यात घोडबंदरच्या इमारतींत काय किंवा कोपरखैरण्यात काय, वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून खाली साधी गादी असायलाच हवी.

विजेचा प्रश्न ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरलाही, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या यंत्रालाही, आहे, त्यामुळे बॅकअपचा लहान सिलिंडर भरलेला आणि त्याची किल्ली त्यालाच बांधलेली हवी. पण त्याहून मोठा धोका फ्लोचा, म्हणजे मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन सोडायचा त्याचा. वर्षानुवर्षे धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसे गेलेल्या सीओपीडीच्या रुग्णाला ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ टक्के एवढाच ऑक्सिजन ठेवायला सांगतात. कोविडमध्ये ९५ चा आकडा घरोघरी पाठ झाला, म्हणून ९० दिसले की घाबरून फ्लो दोनवरून पाचवर नेला जातो. अशा रुग्णात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो : सकाळी डोके दुखते, गुंगी येते, माणूस 'छान शांत झोपला' असे वाटते. ती झोप नसते. आकडा घेताना बोट गरम असावे, नखांवर पॉलिश किंवा मेंदी नसावी. आणि नळी नाकात असताना देवघरातले निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी निदान तीन मीटर लांब.

गोळ्यांवर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल, इथे मोजकेच लिहितो. टेल्मिसार्टन एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांकडून दोन ब्रँड नावांनी चालू असते आणि रक्तदाब खाली का जातो हे कुणालाच कळत नाही. पट्टीवरच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव असते, ते जुळवून पाहायचे. नावापुढे 'एच' असेल तर बहुधा त्यात लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते. म्हाताऱ्या माणसात त्याने सोडियम उतरते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. असे अचानक झाले तर 'वय झाले' म्हणून झोपेची गोळी देऊ नये. शुगर, ऑक्सिजन, ताप, लघवी तुंबली आहे का, शौचाला किती दिवस झाले, एवढे पाहून डॉक्टरांना फोन करावा. 'एसआर', 'एक्सआर', 'ईआर' लिहिलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या, गोळ्या आणि ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलसारख्या वेष्टनाच्या गोळ्या कुटून नळीतून द्यायच्या नाहीत. दिवसभराचा डोस एकदम सुटतो किंवा औषध पोटातल्या आम्लातच वाया जाते. पर्यायी द्रवरूप औषध मागायचे. फिटच्या फेनिटॉइनचे फीडबरोबर शोषण कमी होते, मध्ये अंतर ठेवावे लागते. किती, ते लिहून घ्यावे. आणि गुडघे दुखतात म्हणून केमिस्टकडून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा एसिक्लोफिनॅक. बीपीची टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामक, तिन्ही एकत्र आल्या तर अर्धवट चालणारी किडनी काही दिवसांत बंद पडू शकते. उलट्या-जुलाब सुरू झाले की मधुमेहाची मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन, लघवीची आणि बीपीची गोळी तात्पुरती थांबवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचे, अंदाजाने नाही.

लघवीच्या पिशवीबद्दल थोडक्यात : मूत्राशयाच्या पातळीच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको, दोनतृतीयांश भरली की रिकामी करायची, नळी आणि पिशवी यांचा जोड सोडायचा नाही, रुग्णाला स्ट्रेचरवर घेताना पिशवी त्याच्या पोटावर ठेवायची नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट. ओल्या-सुक्या कचऱ्यात मोकळ्या टाकलेल्या सुया सफाई कामगाराच्या बोटात जातात.

हे सगळे ब्युरोच्या मावशीने करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्या बारा-बारा, चोवीस-चोवीस तास राबतात, रुग्णाची शी-शू मायेने काढतात, त्यांच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो, आणि महाराष्ट्रात परिचारिका म्हणून काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. राज्याचा त्याबाबतचा कायदा १९६६ चा आहे. ब्युरो मात्र फोनवर 'सिस्टर पाठवतो' म्हणतात आणि सहायिका पाठवतात. पैसे देण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा. सहायिका असेल तर अंघोळ, वळवणे, भरवणे, नोंदी हे तिचे काम. इन्सुलिनचा डोस बदलणे, नळी घालणे, जखमेची पट्टी ठरवणे तिच्यावर टाकू नका.

त्या पानावर काय असावे? डावीकडे कामांचे वेळापत्रक : वळवणे, फीड, औषधे, शुगर, वजन. उजवीकडे या रुग्णासाठीचे आकडे, सरसकट सगळ्यांसाठीचे नव्हेत : शुगर किती खाली आणि किती वर गेली की फोन, ऑक्सिजन कुठपर्यंत चालेल, दिवसाला पाणी किती, लघवी किमान किती, रक्तदाब कितीखाली असेल तर सकाळची गोळी थांबवून विचारायचे. खाली बंद केलेल्या औषधांची यादी. चालू औषधांची यादी सगळे देतात, बंद केलेल्यांची कुणी देत नाही, आणि फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात जुन्या पट्ट्या तशाच राहतात. सगळ्यात खाली एक फोन नंबर, जो रात्री उचलला जाईल. वॉर्डातल्या परिचारिकेला हे भरायला आणि शिकवायला पाऊण तास लागेल. तो वेळ तिच्या ड्यूटीत धरला गेला पाहिजे. तीस-चाळीस रुग्णांमागे दोघी असतील तर तो कुठून यायचा, याचे उत्तर रुग्णालयांच्या व्यवस्थापनाने द्यायचे आहे.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांकडेही मागणे आहे. नागरी आरोग्य केंद्रांत शुगर आणि रक्तदाब तपासतात, गोळ्या मिळतात, पण त्या तिथे चालत जाणाऱ्याला. नौपाड्यातल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पलंगाला खिळलेला माणूस त्या रांगेत कधीच येत नाही. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे दीर्घ आजारात त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचे, राज्य धोरण आणले आणि तिथे स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत प्रशिक्षित परिचारिका अशा रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. दोन्ही महापालिकांनी प्रत्येक आरोग्य केंद्राला गृहभेटीसाठी एक नोंदणीकृत परिचारिका नेमावी. तिच्या पिशवीत वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर, कॅथेटर (लघवीची नळी) बदलण्याचा संच आणि ड्रेसिंगचे सामान असावे, आणि केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून औषधाबाबत विचारण्याची सोय असावी. डिस्चार्जनंतरची पहिली भेट ४८ तासांत व्हावी, कारण गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या चुका याच दिवसांत होतात.

हे होईपर्यंत नातेवाइकांना एक विनंती. डिस्चार्जच्या दिवशी विम्याच्या कॅशलेसची मंजुरी येईपर्यंत तीन-चार तास वॉर्डात बसावेच लागते. त्या वेळात सिस्टरना सांगून एकदा स्वतः रुग्णाला कुशीवर वळवा, एक फीड द्या, सिरिंजमध्ये इन्सुलिन भरून दाखवा, लघवीची पिशवी रिकामी करा. औषधांची पिशवी तिथेच टेबलावर उलटी करून एकेक पट्टी कार्डाशी ताडून पाहा. आणि घरून येताना फ्रिजवरचा तो स्टीलचा डबाही बरोबर आणा.

आपल्या,
ठाणे, कळवा, ऐरोली व नेरुळ येथील काही परिचारिका